कुठवर आले प्रकरण?

लहानपणी आजोबांबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेल्याची जी आठवण माझ्या मनात अजून ताजी आहे, तिच्यात अधिकाऱ्याचे दालन नाही की शिपायाचा पट्टा नाही. आहे ती बारनिशीची खिडकी, तिच्यापलीकडे मोठ्या नोंदवहीवर वाकलेला कारकून, आणि खिडकीशी उभे राहून कोपरीच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढणारे आजोबा. ‘भाऊसाहेब, आमच्या अर्जाचं कुठवर आलं?’ एवढेच ते विचारीत. ‘आवक नंबर सांगा, आजोबा,’ असे उत्तर येई. मग कागदावरचा आकडा वाचला जाई, नोंदवहीची पाने मागे मागे जात, बोट एका ओळीवर थांबे, आणि ‘वरती गेलंय, पुढच्या सोमवारी या’ हे वाक्य पदरात घेऊन आम्ही दोघे एसटीच्या थांब्याकडे परतत असू. असे सोमवार किती आले हे मी मोजले नाही. पण ‘वरती’ म्हणजे नेमके कोठे, कोणाच्या मेजावर, कोणत्या दिवसापासून आणि कशाची वाट पाहत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला. आणि पुढे संगणकाच्या व्यवसायात पडल्यावर याच एका प्रश्नासाठी जगभरच्या अभियंत्यांनी केवढा खटाटोप केला आहे हे पाहिले, तेव्हा आजोबांच्या त्या कागदाची किंमत मला प्रथम कळली.

या खटाटोपाची पहिली पायरी म्हणजे दोन गोष्टींमधला एक भेद, जो इंग्रजी ग्रंथांत बराच विस्ताराने समजावून द्यावा लागतो, परंतु मराठी दफ्तरी भाषेत मुळातच रुळलेला आहे. काम कोणत्या क्रमाने व्हावे, कोणी काय करावे, कोणत्या स्थितीत कोणती वाट धरावी, हे सांगणारी जी रीत ती प्रक्रिया. आणि त्या रीतीने प्रत्यक्ष चाललेले एका माणसाचे, एका जमिनीचे, एका अर्जाचे जे काम ते प्रकरण. रीत एकच असते, प्रकरणे हजारो असतात. रीत कागदावर स्थिर असते, प्रकरण चालते, थांबते, मागे येते, कधी दोन वाटांनी एकाच वेळी पुढे जाते. संगणकाच्या परिभाषेत पहिल्याला प्रक्रियेची व्याख्या आणि दुसऱ्याला ‘इन्स्टन्स’ म्हणतात; आणि व्याख्या वाचून एकेक प्रकरण पुढे सरकवणारी जी यंत्रणा, तिला वर्कफ्लो इंजिन असे नाव आहे. कार्ल आदाम पेत्री या जर्मन विद्वानाने १९६२ मध्ये आपल्या प्रबंधात ज्या विचाराचा पाया घातला, त्यातून पुढे ‘पेत्री जाळे’ नावाची मांडणी तयार झाली. तिच्यात वर्तुळांच्या जाळ्यातून ठिपके सरकत जातात, आणि कोणत्या वर्तुळात ठिपका आहे यावरून काम कोठे आहे हे कळते. ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेली ‘बीपीएमएन २.०’ ही चित्रलिपी आज पुष्कळ यंत्रणा वापरतात. तिच्या चित्रांचा अर्थही अशाच सरकत्या ठिपक्याच्या आधाराने सांगितला जातो.

आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखात ज्या प्रक्रियेशी प्रत्येक घराचा एकदा तरी संबंध येतो, ती फेरफाराची. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. आज हे काम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या तरतुदींनुसार चालते, आणि त्या संहितेचे कलम १५० हे माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने तिच्यातील फार मोलाच्या कलमांपैकी एक आहे. जमिनीत कोणाला नवा हक्क आला की तलाठ्याने त्याची नोंद गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत करावयाची, तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावयाची, हितसंबंधितांना लेखी नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी १५ दिवस थांबावयाचे. हरकत आली तर तिची लेखी पोच द्यावयाची आणि प्रकरण विवादग्रस्तांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-अ मध्ये चढवावयाचे. न आली तर मंडल अधिकाऱ्याने तपासून नोंद प्रमाणित करावयाची, आणि मगच सातबाऱ्यावर नवे नाव यावयाचे. वारसाची नोंद असेल तर त्याआधी नमुना ६-क मध्ये वारस चौकशीचा टप्पा. हे कलम वाचताना मला नेहमी वाटते की ज्यांनी ते लिहिले त्यांना वर्कफ्लो हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु त्या शास्त्रातील टप्पा, मुदत, वाटेची निवड, जबाबदार हुद्दा आणि जाहीर सूचना ही सारी अंगे त्यांनी विनासायास उभी केली.

आता ही रीत संगणकावर आली आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखताचा दस्त ‘आय-सरिता’ प्रणालीत नोंदला गेला की त्याची माहिती ‘ई-फेरफार’कडे जाते आणि तलाठ्यापुढे, म्हणजे अलीकडच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्यापुढे, नवे प्रकरण उभे राहते; वारसनोंदीसारखे अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून घरबसल्या करता येतात; आणि चावडीच्या भिंतीवर जो कागद चिकटत असे, त्याचे काम ‘आपली चावडी’ या संगणकीय फलकाने अंगावर घेतले आहे. त्या फलकावर जिल्हा, तालुका, गाव निवडले की चालू फेरफार आणि त्यांची स्थिती कोणालाही दिसते. येथे माणूस डोळ्यांनी पाहून विचारतो. परंतु हाच प्रश्न एखाद्या बँकेच्या, सहकारी सोसायटीच्या किंवा दुसऱ्या खात्याच्या संगणकाला विचारावयाचा असेल, तर त्याला डोळे नसतात. त्याच्यासाठी ठरलेल्या शब्दांत प्रश्न घेणारी आणि ठरलेल्या साच्यात उत्तर देणारी खिडकी लागते. या खिडकीला प्रोग्रामिंग इंटरफेस किंवा एपीआय म्हणतात. प्रत्येक कारखानदाराने आपली खिडकी आपल्या मनाने पाडू नये म्हणून १९९३ मध्ये वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअलिशन नावाची संघटना निघाली, आणि १९९५ च्या तिच्या नमुना-आराखड्यात इंजिनाभोवती ज्या पाच खिडक्या कल्पिल्या होत्या, त्यांतील पाचवी प्रशासन आणि देखरेखीची, म्हणजे ‘कुठवर आले’ अशा प्रश्नांसाठीही होती.

एक कल्पित प्रकरण घेऊ. वाळवा तालुक्यातील एका गावी गट नंबर ३१८ मधील खातेदार वारली; तिच्या दोन मुलांनी आणि एका मुलीने वारसनोंदीचा अर्ज दिला; चौकशी होऊन ५ मार्चला फेरफार क्रमांक २४१७ ची नोंद झाली आणि नोटिसा निघाल्या. थोरल्याला पीककर्ज हवे आहे. बँकेची आज्ञावली खिडकीशी येऊन विचारते: फेरफार २४१७. खिडकीचे चांगले उत्तर असे असेल: अवस्था: चालू; टप्पा: हरकतीची मुदत; या टप्प्यात आल्याची तारीख ५ मार्च; मुदत संपण्याची तारीख २० मार्च; नोटिसा तीन, बजावल्या दोन; तिसरी मुलीच्या सासरच्या पत्त्यावर, अजून पोच नाही; पुढचे काम मंडल अधिकाऱ्याकडे. या सहा-सात शब्दसमूहांत आजोबांच्या सर्व सोमवारांची भरपाई आहे. कारण येथे केवळ स्थान कळत नाही, अडले कोठे तेही कळते, आणि थोरला भाऊ त्याच संध्याकाळी बहिणीला फोन करून ‘ताई, तुझ्या नोटिशीची पोच राहिलीय’ असे सांगू शकतो. याउलट ‘प्रलंबित’ हा एकच शब्द परत करणारी खिडकीही नियमाप्रमाणे उत्तर देतेच. परंतु अशी खिडकी बांधणाऱ्याने विचारणाऱ्याचा विचार केलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रमांक हाती असेल तर प्रश्न सोपा. पण तो नेहमी हाती असतोच असे नाही. म्हणून इंजिन स्वतः दिलेल्या ओळख-क्रमांकाखेरीज, ज्याला ‘बिझनेस की’ म्हणतात अशी व्यवहारातील एक खूणही प्रकरणाला बांधून ठेवू देते, ज्या खुणेने लोक त्याला एरवी ओळखतात. ही खूण निवडणे वाटते तितके सुलभ नाही, आणि का नाही हे समजण्यासाठी सांगली जिल्ह्याइतके उत्तम उदाहरण मला दुसरे सुचत नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. तासगाव, वाळवा हे तालुके दक्षिण साताऱ्यात आले. संस्थानांचे विलीनीकरण होऊन सांगली, मिरज, जत यांचा मुलूख त्यात मिळाला. औंध संस्थानातील आटपाडी इकडे आली, तर खुद्द औंध साताऱ्याकडे राहिले. आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा हे नाव जाऊन सांगली जिल्हा झाला. एकाच घराण्याच्या एकाच जमिनीचे कागद त्यामुळे तीन मथळ्यांखाली सापडतात. त्यात १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वये गावोगाव योजना झाल्या, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुन्या-नव्यांचा मेळ घालणारा तक्ता हा स्वतंत्र दस्तऐवज होऊन बसला. ज्या खुणेत जिल्ह्याचे नाव किंवा सर्व्हे नंबर गुंफलेला असेल, ती खूण राज्यकर्त्यांच्या एका अधिसूचनेने निरुपयोगी होते. म्हणून शहाणी यंत्रणा प्रकरणाचा अंतर्गत क्रमांक अर्थशून्य ठेवते, म्हणजे त्यात बदलण्यासारखे काहीच उरत नाही, आणि व्यवहारातील खुणा त्याच्या अंगावर वेगळ्या, बदलता येतील अशा लावते.

पुष्कळदा तर विचारणाऱ्याला एका प्रकरणाशी कर्तव्य नसते. कृष्णाकाठच्या साखर कारखान्याच्या गट कार्यालयात हंगामाच्या तोंडाशी काय चालते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगावयास नको. प्रत्येक ऊसनोंद हे एक चालते प्रकरण: लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू की खोडवा, क्षेत्र, जात, तोडणीची पाळी, भरलेली वाहने, काट्यावरचे वजन, बिल. शेतकरी चिटबॉयला विचारतो, ‘आमची तोड कधी?’ पण शेतकी अधिकाऱ्याचा प्रश्न निराळा असतो: जुलैमध्ये लावलेला, सोळा महिन्यांवर गेलेला आणि तरीही तोडणीचा आदेश न निघालेला आडसाली ऊस किती आणि कोणत्या शिवारात? हा प्रश्न क्रमांकाने विचारता येत नाही. तो प्रकरणांच्या अंगावर लिहिलेल्या गुणांनी, म्हणजे ‘व्हेरिएबल्स’नी, आणि त्यांच्या टप्प्यांनी विचारावा लागतो. कॅमुंडा नावाची बर्लिनची जी यंत्रणा पुष्कळ ठिकाणी वापरात आहे, तिच्या सातव्या आवृत्तीच्या खिडकीत असा प्रश्न सरळ मांडता येतो: अमुक व्याख्येची, अमुक टप्प्यावर थांबलेली, अमुक गुण अमुकाहून मोठा असलेली चालू प्रकरणे. तेथे मोजणीची वाट यादीच्या वाटेहून वेगळी ठेवली आहे, आणि यादी मागताना कितव्यापासून किती हवीत हे सांगता येते. हा तपशील किरकोळ वाटेल. परंतु ज्याला फक्त आकडा हवा त्याच्यापुढे चाळीस हजार नोंदींचे गाठोडे आणून टाकणे हे कारकुनालाही परवडत नसे आणि यंत्रालाही परवडत नाही. पानापानाने यादी घेताना क्रम ठरवून द्यावा लागतो, हेही येथे सांगून ठेवतो. तो न दिल्यास दोन पानांच्या मधल्या वेळात एखादे प्रकरण निसटते किंवा दुसऱ्यांदा समोर येते, आणि चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

‘कोठे आहे’ या प्रश्नाला एकच उत्तर असते, ही समजूतही सोडून द्यावी लागते. तीन वारसांना एकाच वेळी नोटिसा निघाल्या की प्रकरण तीन जागी असते, आणि तिन्ही पोचा आल्याखेरीज वाटा पुन्हा एकत्र येत नाहीत. म्हणून चांगल्या खिडकीतून टप्प्याचे नुसते नाव न येता एक झाडच परत येते, ज्याच्या फांद्यांवरून कोणती वाट संपली आणि कोणती अजून उघडी आहे हे वाचता येते. त्याचप्रमाणे थांबणे आणि अडकणे यांतही भेद करावा लागतो. हरकतीच्या मुदतीत थांबलेला फेरफार निरोगी आहे. तो थांबलाच पाहिजे. परंतु दुसऱ्या खात्याकडे निरोप पाठवताना दुवा तुटला आणि ते पाऊल पडलेच नाही, तर ते आजारी प्रकरण होय. कॅमुंडा ७ असे अडलेले काम सामान्यतः तीनदा करून पाहते, आणि तरीही न साधल्यास त्यावर ‘इन्सिडेंट’ अशी खूण करून ठेवते, जेणेकरून देखरेख करणाऱ्याला निरोगी थांबलेल्यांच्या गर्दीतून नेमकी आजारी तेवढी वेचून काढता यावीत. कागदी दफ्तरात ही दोन्ही प्रकरणे एकाच लाल फडक्यात, एकाच कपाटात, शेजारी शेजारी असत. वरून पाहणाऱ्याला त्यांत फरक दिसण्याचा मार्ग नव्हता.

विचारण्याने प्रकरणाला धक्का लागू नये, ही या शास्त्राची मोठी मर्यादा, मर्यादा हा शब्द मी येथे शिष्टाचार या जुन्या अर्थाने वापरतो. कचेरीत कोणी वजनदार मनुष्य चौकशीला आला की नस्ती गठ्ठ्यातून उपसली जाई, साहेबांच्या मेजावर जाई, आणि परत येताना ती गठ्ठ्याच्या तळाशी जाई किंवा वर. म्हणजे नुसत्या विचारण्याने तिची किंवा शेजारच्यांची पाळी बदले. महाजालाच्या व्यवहारनियमांत ‘गेट’ या क्रियापदाने केलेली विचारणा ‘सुरक्षित’ समजली जाते, म्हणजे तिने काहीही बदलावयाचे नाही असा संकेत आहे. तो पाळण्यासाठी काही यंत्रणा विचारणाऱ्यांची खिडकी मूळ इंजिनापासून अलग करतात. कॅमुंडाच्या आठव्या आवृत्तीत इंजिन आपल्या प्रत्येक हालचालीची वार्ता बाहेर टाकीत जाते, त्या वार्तांवरून वेगळा शोधकोश तयार होतो, आणि प्रश्न त्या कोशाला विचारले जातात. इंजिनाचे काम अखंड राहते. याचे मोल म्हणजे उत्तर क्षणभर जुने असू शकते. ज्याने आत्ताच काम पूर्ण केले आणि पुढच्याच श्वासाला ‘कुठवर आले’ विचारले, त्याला जुनाच टप्पा दिसेल. हे ठाऊक नसलेला आज्ञावलीकार तेच काम पुन्हा करावयास जातो आणि घोटाळा होतो.

कोणाला काय दिसावे, हाही विषय आहे. फेरफाराची स्थिती जाहीर असावी हा कायद्याचाच हेतू आहे. पण त्याच प्रकरणाला जोडलेला आधार क्रमांक किंवा बँकेचे येणे जाहीर नसते. येथे एवढेच ध्यानात ठेवावे की अधिकाराची चाळणी यादीइतकीच मोजणीलाही लावली पाहिजे. नावे झाकून आकडा उघडा ठेवला, तर छोट्या गावात आकड्यावरूनही नाव कळते.

परंतु कितीही सुंदर खिडकी पाडली तरी तिच्यातून तेवढेच दिसते जेवढे आत लिहिले गेले आहे, आणि या बाबतीत आमच्या जुन्या दफ्तरांची शिस्त आजच्या यंत्रकारांनी डोळ्यांपुढे ठेवावी असे मला मनापासून वाटते. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी किंवा पाठीवर ‘रुजू’, ‘बार’ असे जे तुटक शेरे मोडीत आढळतात, ते नवख्या वाचकाला निरर्थक भासतात. पण रुजू म्हणजे ताडून पाहिले, बार म्हणजे दफ्तरी नोंद झाली, असे ते एकेका हाताचे साक्षीदार आहेत. कागद ज्या हातांतून गेला त्यांच्या खुणा कागदावरच राहिल्या. बारनिशी हा शब्द त्याच परंपरेतून आजच्या सरकारी कार्यालयापर्यंत चालत आला आहे. यंत्रातही हेच: टप्प्यात कधी आले, कोणी हाती घेतले, कधी सोडले, ही नोंद पाऊल पडतानाच झाली पाहिजे. मागाहून ती कोणत्याही प्रश्नाने निर्माण करता येत नाही.

आणि या नोंदी साठत जात असल्यामुळे चालू प्रकरणांचे व संपलेल्यांचे कोठार निराळे असते. ॲक्टिव्हिटी आणि तिच्यापासून निघालेली कॅमुंडा ७ या यंत्रणांत चालू कामांची कोष्टके एका गटात आणि इतिहासाची दुसऱ्या गटात असतात. प्रकरण पुरे झाले की पहिल्या गटातून त्याची ओळ पुसली जाते, म्हणजे चालू वही पातळ आणि चपळ राहते, इतिहास मात्र वाढत जातो. आपल्या वाळव्याच्या प्रकरणात बहिणीची पोच आली, हरकत आली नाही, २४ मार्चला मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. दुसऱ्या दिवशी बँकेची आज्ञावली नेहमीप्रमाणे चालू प्रकरणांच्या खिडकीशी आली आणि तिला उत्तर मिळाले की २४१७ असे प्रकरण नाही. अर्धवट शिकलेली आज्ञावली येथेच थांबते आणि शेतकऱ्याच्या फोनवर ‘प्रकरण आढळले नाही’ असा निरोप पाठवून त्याची झोप उडवते. पुरती शिकलेली पुढच्या खिडकीकडे जाते, इतिहासाला तोच क्रमांक विचारते, आणि तेथून ओळी येतात: ५ मार्च: नोंद; ५ मार्च: नोटिसा तीन; १९ मार्च: तिसरी पोच; २० मार्च: मुदत समाप्त, हरकत नाही; २४ मार्च: प्रमाणित, सातबारा अद्ययावत, नावे तीन.